जावेच्या मनातलं नाव

आमच्या ह्यांनासुद्धा हे माहीत नाही. माझी आई होती तोवर वाटायचं, एकदा तिच्या मांडीवर डोकं ठेवावं आणि सांगून मोकळं व्हावं. पण तिच्यापुढंही जीभ उचलली नाही, आणि आता तीही नाही. तुम्ही मला ओळखत नाही. बाजाराच्या दिवशी शेजारी उभे राहिलात तरी ओळखणार नाही. म्हणून असेल, तुमच्याशी बोलायचा धीर होतोय.

गोष्ट एका नावाची आहे. माझ्या लेकीच्या नावाची. मधुवंती.

चांगलं आहे ना? सगळेच म्हणतात. आमच्या निमगाव केतकीत तिच्या वयाच्या पोरी म्हणजे मयूरी, मोनाली, अश्विनी. त्यात ही एकटी मधुवंती. शाळेतले गुरुजी हटकून मधुमती म्हणायचे आणि ती उठून उभी राहायची, "मती न्हाय सर, वंती." बाया अजून विचारतात, एवढं वेगळं नाव तुला सुचलं कसं गं? आणि मी दरवेळी तेच सांगते, जे बारशाच्या दिवशी सांगितलं. की रेडिओवर ऐकलं.

रेडिओवर नव्हतं ऐकलं.

मला धाकटी जाऊ होती. उज्ज्वला. लासुर्ण्याची. आमच्या दिरांशी, दिलीपभावजींशी तिचं लग्न झालं तेव्हा माझा थोरला मुलगा रांगत होता. आमचा पानमळा आहे — खायच्या पानांचा. वेलावरून खुडून आणलेली पानं ओट्यावर ओतायची, किडकी-फाटकी बाजूला काढायची, चांगली एकावर एक लावून गड्ड्या बांधायच्या, हे आम्हा दोघींचं रोजचं काम. ओल्या फडक्याखाली पानं, त्यांचा तो तिखट वास, आणि उज्ज्वलाचं गुणगुणणं. ती सारखी गुणगुणायची. शब्द नसायचेच. शाळेत असताना तिला गाण्याच्या एक बाई होत्या, त्यांनी तिला पेटी शिकवली होती. लग्नात पेटी आणली नाही. सासरी कुठं पेटी वाजवायची, असं तिच्याच वडलांनी म्हटलं म्हणे. बोटं मात्र गप्प बसायची नाहीत. पानं लावता लावता ओट्याच्या कडेवर हळूच चालायची.

मला ते आवडायचं का? खरं सांगू — आवडायचं. आणि रागही यायचा. दोन्ही एकदम. असं होतं का हो कुणाला?

तिला मूल होईना. सात वर्षं. बारामतीच्या डॉक्टरकडं खेपा झाल्या, उपास झाले. गावात कुणाचं डोहाळेजेवण असलं की ओटी भरायला तिला कुणी पुढं बोलवायचं नाही; ती मागं भिंतीला टेकून बसायची आणि निघताना सगळ्यांच्या चपला ओळखून जिच्या तिच्यापुढं करायची. मग एकदम दिवस गेले तिला. आणि मलाही. मी तिच्या थोडी पुढं होते.

तुम्हाला वाटेल, घरात आनंदीआनंद झाला असेल. झालाच. पण तो तिच्यासाठी झाला. माझं दुसरं बाळंतपण, त्यात नवल ते काय? सासूबाई तिला खाली वाकू देईनात. तिच्यासाठी तुपातला शिरा, तिच्यासाठी शहाळं. मी पोट घेऊन पाण्याच्या कळश्या आणत होते. मी हे कारण म्हणून सांगत नाही. हे आहे तसं सांगतेय.

अशाच एका दुपारी, ऊन उतरायला लागलं होतं, आम्ही पानं लावत बसलो होतो. ती काहीतरी गुणगुणत होती आणि मध्येच थांबली. म्हणाली, "आक्का, कुणाला सांगणार न्हाय ना?"

मी म्हटलं, काय गं?

"मला मुलगीच हुणार हाय. नाव बी ठरवलंय. मधुवंती." मला ते नाव कळलंच नाही, तसं तिनं गुणगुणून दाखवलं. "हे. हा राग हाय. आमच्या बाई ह्याच वेळेला गायच्या, ऊन कललं की. गोड हाय, पण आत कुठंतरी टोचतं बघा. मी आठवीत असताना ठरवलंय — मुलगी झाली तर हेच." आणि लाजली. सात वर्षं संसार केलेली बाई, एखाद्या पोरीसारखी लाजली. "ह्यांना पण सांगितलं न्हाय आजून. तुमालाच पहिल्यांदा."

मलाच पहिल्यांदा.

माझी लेक आधी झाली. इंदापूरच्या दवाखान्यात, नीट, सुखरूप. पत्रिकेत अक्षर निघालं म. सासूबाईंना त्यांच्या आईचं नाव हवं होतं, मथुरा. ह्यांना मोनिका. शेवटी मयूरीवर सगळ्यांचं जमलं. आणि मी — ऐनवेळी तोंडातून निघून गेलं, असं म्हणता आलं असतं. मी स्वतःलाही बरीच वर्षं तसंच सांगत होते. पण तसं नव्हतं. अक्षर म निघालं त्या घटकेपासून ते नाव माझ्या मनात बसलं होतं. बाळाला पाजताना मी ते ओठातल्या ओठात म्हणून बघायचे. मधुवंती. मधू. किती शोभत होतं! आणि वाटायचं, हिचं अजून व्हायचंय, मुलगाही होईल. नावाला काय कुणाचा सातबारा असतो?

बारशाला घर बायांनी भरलं होतं. पाळण्याच्या एका बाजूला मी, एका बाजूला उज्ज्वला. जड अंगानं ती आग्रहानं उभी राहिली होती. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं, ते तिनंच माझ्या हातातून घेतलं आणि तिनंच पाळण्यात ठेवलं. पाळण्याची दोरी तिच्या हातात होती. माझी नणंद, म्हणजे बाळाची आत्या, वाकायच्या आधी रीत म्हणून माझ्याकडं वळली — मयूरीच ना? मी तिच्या कानाला लागले आणि दुसरं सांगितलं. तिनं एकदा विचारलं, काय? मी परत सांगितलं. बघा, परत विचारलं होतं तिनं. तेव्हाही मागं फिरता आलं असतं.

आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं, बायांनी हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि ती सरळ होऊन मोठ्यानं म्हणाली, "मधुवंती!"

पाळणा थांबला. मग परत हलायला लागला. दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आलं नसेल.

"हे कसलं गं नाव?" कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, रागाचं नाव आहे. "तुला कुठनं गं राग-बिग ठाऊक?" सगळ्या हसल्या. आणि मी उज्ज्वलाच्या देखत सांगितलं, रेडिओवर ऐकलं होतं.

ती पाळण्याची दोरी ओढत राहिली. घुगऱ्या वाटल्या, बाया गेल्या. संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बाळाचं अंगडं सारखं करत तिनं एवढंच विचारलं, "आक्का, रेडिओवर कोण गात हुतं?"

मी म्हटलं, होती कुणीतरी बाई.

"व्हय," ती म्हणाली. "आमच्या बाई बी गायच्या."

तुम्ही म्हणाल, झालं हे एवढंच? नाव चोरलं, चूक झाली, जावाजावांत याहून मोठं होतं. मलाही तेच म्हणायचं आहे. हे एवढंच असतं तर आज मी तुमच्यासमोर बसले नसते.

आठव्या महिन्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. जीप करून बारामतीला नेलं. मी घरी होते, अंगावर पिणारं पोर घेऊन. दुपारनंतर भावजी परत आले, जीपच्या मागच्या सीटवर एकटेच, मांडीवर पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं. पोटातच गेली होती. मुलगीच होती. मळ्याच्या कडेला लिंबाखाली पुरली. मी तिचं तोंड पाहिलं नाही. मला पाहू दिलं नाही, बाळंतिणीनं पाहू नये म्हणून. मला बरं वाटलं पाहू दिलं नाही त्याचं.

उज्ज्वला परत आली तेव्हा निम्मी झाली होती. दूध आलेलं, ते आटवायच्या गोळ्या घ्यायची. आणि माझी लेक पाळण्यात रडली की सगळ्यांत आधी तीच उठायची. मांडीवर घ्यायची, डुलवायची, गुणगुणायची. तेच गुणगुणायची. मी ओळखलं होतं, ऊन कललं की म्हणायचं ते. पोर लगेच गप्प व्हायची. पण नाव घ्यायची नाही. बाळ म्हणायची, पुढं चालायला लागल्यावर ए पोरी, सोनुले. मधुवंती नाही, मधू नाही, कधीच नाही.

का ते मला एकटीला ठाऊक होतं. घरातल्या बाकीच्यांनी आपापला अर्थ लावला. जळतीया, असं सासूबाई शेजारणीला म्हणाल्या. स्वतःचं गेलं ना, मग दुसरीचं बघवत नाही. मी ऐकलं. मी भाकरी थापत होते, थापत राहिले.

आता मुद्द्यावर येते. इथवर येतेय आणि मागं सरतेय — तुम्हाला दिसतच असेल.

लेक दीड वर्षाची असताना तिला ताप भरला आणि झटके आले. डोळे फिरले, अंग ताठ झालं. इंदापूरला पळवलं. डॉक्टर म्हणाले, तापानं होतं असं लहान मुलांना, घाबरू नका. दोन दिवसांनी घरी आणलं, पोर हसायला-खेळायला लागली. पण सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या, आणि मिरच्यांचा ठसका काही लागला नाही. झालं. त्यांना खूण पटली. सगळे घरातच होते. सासरे, आमचे हे, भावजी. उज्ज्वला चुलीपाशी खाली बघून तांदूळ निवडत होती.

"भायेरची न्हाय, घरातलीच नजर हाय," सासूबाई म्हणाल्या. नाव कुणाचं घ्यायची गरजच नव्हती.

भावजी म्हणाले, "आई, कायबी बोलू नगं."

"मी कशाला बोलू? पोर जिची हाय तिलाच इचार." आणि त्या माझ्याकडं वळल्या. "तूच सांग गं. तुला काय वाटतं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. उज्ज्वलानंही. तिच्या तोंडावर भीती नव्हती, हे मला आठवतं. तिला वाटत होतं मी नाही म्हणेन. नाही म्हणायला मला काय लागत होतं? एक शब्द. फार तर चार वाक्यं — की नाव तिचं होतं, मी घेतलं, म्हणून ती ते घेत नाही, आणि माझ्या लेकीला माझ्याइतकंच तीही सांभाळते. पण ते सांगितलं असतं तर बारशाचं खोटं उघडं पडलं असतं. पोटुशी जावेनं विश्वासानं सांगितलेलं नाव हिनं ढापलं, आणि तिचं मूल गेलं — गाव काय म्हणालं असतं? नजर कुणाची ठरली असती मग?

हे सगळं मनात एका क्षणात झालं. आणि मी म्हणाले, "मला काय म्हाईत. पण जिला माझ्या लेकीचं नावसुद्धा घेववत न्हाय, तिच्या मनात काय असंल?"

हे मी बोलले. माझ्या तोंडानं. कुणी बोलायला लावलं नाही.

उज्ज्वलानं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता ती मला उघडं पाडणार. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घेववत न्हाय, हे खरं हाय."

बास. एवढंच. त्यांनी तो कबुलीजबाब धरला. त्या दिवसापासून सासूबाईंनी माझ्या लेकीला तिच्याजवळ जाऊ दिलं नाही. लेक हात पसरून तिच्याकडं धावायची आणि उज्ज्वला उठून मळ्यात निघून जायची, पोरीला ओरडा बसू नये म्हणून. महिन्याभरात भावजींनी बारामतीत एका डेअरीत नोकरी धरली आणि दोघं बिऱ्हाड घेऊन गेली. तिला पुन्हा मूल झालं नाही.

वर्षं कशी जातात! सासूबाई गेल्या, सासरे गेले. सणासुदीला येणंजाणं पुन्हा सुरू झालं, कामापुरतं. माझ्या लेकीला गाण्यातलं काही येत नाही — आरतीतसुद्धा बेसूर होते. नर्सिंगला बारामतीत राहिली. आणि मी न सांगता, न विचारता, ती आपणहून काकूकडं जायला लागली. रविवारी जेवायलाच तिकडं. यायची तेव्हा सांगायची, काकूनं हे केलं होतं, काकूनं डोक्याला तेल लावून दिलं. मी ऐकून घ्यायचे. वाटायचं, आज सांगितलं असेल तिनं. पण नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

मग उज्ज्वलाच्या पोटात गाठ निघाली. उपचार झाले, काही उपयोग झाला नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा मी भेटायला गेले. वाटेत बसमध्ये मी ठरवलं होतं. पक्कं ठरवलं होतं.

दोन खोल्यांचं घर. ती खाटेवर, उशीला टेकून. भावजी मला पाणी देऊन औषधं आणायला गेले — मुद्दाम गेले असतील का? आम्ही दोघीच राहिलो. मी तिचा हात हातात घेतला. बोटं नुसती काडी झाली होती. मी म्हटलं, "उज्ज्वला, माझं चुकलं गं. मला माफ कर."

तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. डोळे एकदम जागे झाले तिचे. मी खोटं सांगत नाही, ती थोडी उठून बसली.

"कशाबद्दल, आक्का?"

बघा, तिला ऐकायचं होतं. तिला एवढंच हवं होतं, माझ्या तोंडून. मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून काय निघालं, ठाऊक आहे?

"तुमी वेगळं निघाला तवा... मी चांगली भांडी दिली न्हाईत. पितळी पातेलं तुझ्या माहेरचं हुतं, ते मी ठेवून घेतलं."

ती बघतच राहिली. मग परत उशीला टेकली. "पातेलं व्हय," म्हणाली, आणि हसल्यासारखं केलं. "असू द्या आक्का. आमा दोघांना कितीसं लागतंय."

तिनं डोळे मिटले. मी हात धरून बसून राहिले. भावजी येईपर्यंत वेळ होता. बराच वेळ होता. मी बोलले नाही.

ती आठवडाभरानं गेली.

दहाव्याला नदीवरून आलो. लेक परसात धुण्याच्या दगडावर जाऊन बसली होती. मी शेजारी बसले. शेवटच्या दिवसांत सगळं तिनंच केलं होतं काकूचं — सलाइन, बेडपॅन, पाठीला पावडर. डोळे सुजले होते. म्हणाली, "आई, काकूनं शेवटपर्यंत मला नावानं हाक मारली नाही. पाणी हवं असलं तरी नुसतं 'बाळ' म्हणायच्या. आजीनं मला लहानपणी सांगितलं होतं, तुझ्या काकूला तुझं नावसुद्धा घेववत नाही म्हणून. मला वाटायचं, मी इतकं केलं तर एकदा तरी म्हणतील." मग नाक पुसत म्हणाली, "मी त्यांना आवडतच नव्हते का गं?"

या जगात त्याचं उत्तर ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, उठ, पोळ्या गार होतायत.

ती उठली आणि आत गेली. तुम्हाला सांगितलं. तिला नाही.